सही केली म्हणजे संमती दिली का? जबरदस्ती, दडपण आणि करार कायदा

वडिलांचे दिवस झाले, पाहुणे परतले, की बऱ्याच घरांत एक कागद पुढे येतो. हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित जमिनीतला किंवा घरातला आपला हिस्सा बहिणीने भावाच्या नावे सोडला, असं त्यात लिहिलेलं असतं. काही बहिणी ते मनापासून करून देतात. काहींना मात्र ऐकवलं जातं, "ताई, सही करणार नसशील तर माहेर विसर." सही होते, दस्त नोंदवला जातो. पुढे कित्येक वर्षं ती बाई म्हणत राहते, माझ्यावर जबरदस्ती झाली. आजूबाजूची माणसंही तितक्याच ठामपणे विचारतात, कोणी मारलं का? कोंडून ठेवलं का? मग कसली जबरदस्ती? सही केलीस ना, विषय संपला.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर दोघांचंही म्हणणं अर्धंच बरोबर असतं. तिच्यावर झालेल्या प्रकाराला कायदा बहुधा 'जबरदस्ती' म्हणणार नाही. पण विषय सहीने संपलेलाही नसतो. जबरदस्तीच्या शेजारीच कायद्याने दुसरा एक दरवाजा ठेवला आहे आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो.

हा प्रश्न सध्या इतक्या घरांत का धुमसतो, हेही लक्षात घ्यायला हवं. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क दिला. त्या तारखेला वडील हयात नसले तरी हा हक्क लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. पूर्वी ज्या बहिणीची साडीचोळीवर बोळवण व्हायची, तिच्या सहीशिवाय आता व्यवहार अडतो. म्हणून तिच्या सहीला किंमत आली आणि ती मिळवण्यासाठीचं दडपणही वाढलं.

होकार आणि मुक्त संमती

आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १३ नुसार दोन माणसांना एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य असेल तर ती संमती. पण करार टिकायला तेवढं पुरत नाही, संमती 'मुक्त' असावी लागते. कलम १४ सांगतं की जबरदस्ती, अनुचित प्रभाव, फसवणूक, चुकीची माहिती किंवा चूक यांपैकी एखाद्या कारणाने मिळालेली संमती मुक्त नसते.

थोडक्यात, सही हा संमतीचा पुरावा आहे, ती स्वतः संमती नाही. ती कोणत्या परिस्थितीत झाली, हे न्यायालय सहीच्या मागे जाऊन पाहू शकतं. बक्षीसपत्रालाही हीच कसोटी आहे. करार ज्या कारणांनी रद्द होऊ शकतो, त्यांतल्या बहुतेक कारणांनी बक्षीसही रद्द होऊ शकतं, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ म्हणतं.

कायद्यातली जबरदस्ती बोलण्यातल्यापेक्षा अरुंद

रोजच्या बोलण्यात आपण जबरदस्ती हा शब्द फार सैल वापरतो. आग्रह झाला, गळ घातली, भरीस पाडलं, तरी 'जबरदस्तीने करायला लावलं' म्हणतो. कलम १५ मध्ये मात्र दोनच प्रकार बसतात. पहिला म्हणजे दंड संहितेने मना केलेलं कृत्य करणं किंवा करण्याची धमकी देणं. मारहाण, डांबून ठेवणं, जिवे मारण्याची धमकी हे सगळं यात येतं. दुसरा म्हणजे कोणाची मालमत्ता बेकायदा अडवून ठेवणं किंवा तशी धमकी देणं. या दोन्हींमागे समोरच्याकडून करार करून घ्यायचा हेतू असायला हवा.

धमकी सही करणाऱ्यालाच दिलेली असावी, असं बंधन नाही. मुलाचे हातपाय तोडू, असं सांगून बापाची सही घेतली तरी ती जबरदस्तीच. धमकी देणारा माणूस कराराच्या कागदावर कुठे नसला तरीही फरक पडत नाही.

मालमत्ता अडवण्याचा प्रकार लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. मद्रास उच्च न्यायालयात १९२७ साली आलेल्या एका प्रकरणात, कामावरून जाणाऱ्या मुनीमाने हिशेबाच्या वह्या अडवून धरल्या होत्या. माझ्यावर काही देणं निघणार नाही असं लिहून द्या, तरच वह्या देतो, असं त्याचं म्हणणं. मालकाने नाइलाजाने लिहून दिलं. न्यायालयाने त्याला जबरदस्ती ठरवलं. आज नोकरी सोडणाऱ्याची मूळ गुणपत्रिका कपाटात ठेवून 'आधी या कागदावर सही कर' म्हणणारी कचेरी याच कलमाच्या कक्षेत येऊ शकते.

१८८९ मधलं, त्याच न्यायालयातलं एक प्रकरण मला या सगळ्यांत सर्वांत बोलकं वाटतं. नवरा वारला तेव्हा ती विधवा अवघी तेरा वर्षांची होती. नातेवाइकांनी अट घातली की आम्ही सांगतो तो मुलगा दत्तक घे, त्याशिवाय प्रेत उचलू देणार नाही. तिने होकार दिला. नवऱ्याचा देह घरात पडून असताना दिलेला तो होकार मुक्त नव्हता आणि ते दत्तकविधान तिच्यावर बंधनकारक नाही, असा निकाल लागला. सव्वाशे वर्षांहून जुना हा निकाल आहे. दुःखाची वेळ साधून घेतलेल्या होकाराकडे कसं पाहायचं, हे तो आजही नेमकं शिकवतो.

"जीव देईन" ही धमकी जबरदस्ती आहे का?

घरगुती वादांत ही धमकी सर्रास दिली जाते, आणि तिचं कायदेशीर उत्तर मोठं गुंतागुंतीचं आहे. १९१७ साली मद्रास उच्च न्यायालयासमोर असा खटला आला. नवऱ्याने आत्महत्येची धमकी देऊन बायको आणि मुलाकडून आपल्या भावाच्या नावे हक्कसोड लिहून घेतली होती. न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले, पण बहुमताने ती जबरदस्ती ठरली. तर्क असा होता की आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा दंड संहितेत गुन्हा होता. म्हणजे ते मना केलेलं कृत्य, आणि त्याची धमकी म्हणजे जबरदस्ती.

आता इथे पेच आहे. १ जुलै २०२४ पासून त्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ तिच्यात घेतलेलं नाही. लोकसेवकाला त्याचं काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा ते रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला. त्यामुळे घरातल्या अशा धमकीला १९१७ चा तर्क जसाच्या तसा लावणं अवघड झालं आहे. माझ्या मते ज्याच्यावर ही धमकी वापरली गेली, त्याने कलम १५ वर भिस्त ठेवू नये. त्याच्यासाठी पुढचं कलम अधिक भरवशाचं आहे.

"कोर्टात खेचीन" म्हटलं तर?

दिवाणी दावा लावणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, त्यामुळे तो लावीन असं म्हणणं जबरदस्ती ठरत नाही. खऱ्या गुन्ह्याची फिर्याद देईन, असं म्हणणंही एरवी ठरत नाही. खोट्या केसमध्ये अडकवीन, ही धमकी मात्र ठरते, कारण इजा करण्याच्या हेतूने खोटा आरोप करणं हाच गुन्हा आहे. एक सावधगिरी बाळगा. 'पैसे दे, मग फिर्याद देत नाही' अशा धर्तीवर गंभीर गुन्हा दाबण्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असतो आणि तो मुळातच टिकत नाही, मग दोन्ही बाजू कितीही राजीखुशीने तयार असोत.

मग अबोला, रडणं, उपकारांची आठवण यांचं काय?

आता त्या दुसऱ्या दरवाजाकडे येऊ. त्याचं नाव अनुचित प्रभाव, आणि तो आहे कलम १६ मध्ये. इथे गुन्हा घडलेला असण्याची गरज नाही, धमकी दिलेली असण्याचीही नाही. दोन गोष्टी पाहिल्या जातात. दोघांमधलं नातं असं होतं का, की एकजण दुसऱ्याच्या मनावर हुकमत गाजवू शकेल? आणि त्या हुकमतीचा वापर करून त्याने गैरवाजवी फायदा उकळला का?

हुकमत कुठे असू शकते, हेही कलमातच सांगितलं आहे. एकाचा दुसऱ्यावर अधिकार चालत असेल तिथे. विश्वासाचं नातं असेल तिथे. किंवा वय, आजारपण, मनाचा वा शरीराचा त्रास यांमुळे समोरच्याची विचार करण्याची ताकद तात्पुरती वा कायमची ढासळली असेल तिथे. 'तात्पुरती' हा शब्द महत्त्वाचा आहे. घरात नुकताच मृत्यू झालेला माणूस एरवी कितीही खंबीर असला, तरी त्या पंधरवड्यात तो तसा असेलच असं नाही.

कायद्याने स्वतःच दिलेली उदाहरणं वाचली की शतकाहून अधिक काळापूर्वीचा मसुदा लिहिणाऱ्यांनी माणसं किती बारकाईने पाहिली होती, ते कळतं. आजाराने किंवा म्हातारपणाने खचलेला माणूस, आणि त्याच्याकडून सेवेचे अवाजवी पैसे कबूल करून घेणारा त्याचा वैद्य. सज्ञान झालेला मुलगा, आणि लहानपणी दिलेल्या पैशांपेक्षा जास्त रकमेचा रोखा पालकपणाच्या जोरावर त्याच्याकडून लिहून घेणारा बाप. गावचा सावकार, आणि आधीच त्याच्या कर्जात बुडालेला असताना अघोरी अटींवर नवं कर्ज घेणारा कुळवाडी. १८९० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर आलेल्या खटल्यात एका वृद्धाने परलोकीच्या कल्याणासाठी सगळी मालमत्ता आपल्या गुरूला बक्षीस दिली होती. त्याला कोणी धमकावलं नव्हतं, श्रद्धा त्याची स्वतःची होती. तरी ते बक्षीस अनुचित प्रभावाखाली झाल्याचं ठरलं, कारण गुरू आणि शिष्य यांच्यात मनाची सत्ता कोणाकडे असते हे उघड होतं.

आता ही कसोटी बहिणीच्या कागदाला लावू. नवरा गेल्यावर ती भावाच्या आधाराने राहते, बँकेपासून तहसील कचेरीपर्यंतची सगळी कामं भाऊच करतो, कागद तिला वाचून दाखवलेला नाही, सही वडिलांच्या तेराव्याच्या आत झाली आणि लाखमोलाच्या हिश्श्याबदल्यात तिला काहीच मिळालं नाही. इथे हुकमतही दिसते आणि गैरवाजवी फायदाही. याउलट बहीण स्वतः कमावती आहे, वेगळ्या शहरात राहते, तिने स्वतःचा वकील गाठून मसुदा तपासून घेतला आणि 'वाईटपणा नको' म्हणून सही केली. तिला मनातून कितीही लागलं असेल, तरी न्यायालयात टिकेल असं प्रकरण ते नाही. नातं तुटेल ही भीती खरी असते, पण प्रत्येक भीतीला कायदा दडपण म्हणत नाही.

तिसरी शक्यताही नेहमीची आहे. "वारसनोंदीसाठी सही हवी आहे" असं सांगून हक्कसोडपत्रावर सही घेतलेली असते. हा दडपणाचा प्रकार नाही, ही सरळ फसवणूक आहे आणि तिच्यासाठी कलम १७ आहे. गाऱ्हाणं मांडताना आपलं प्रकरण यांतलं नेमकं कोणतं, हे आधी ठरवायला हवं.

असं असेल तर कोणताही कागद टिकणार नाही!

ही शंका रास्त आहे. म्हातारपणी मुलाकडे राहणाऱ्या प्रत्येकाने मुलाला काही दिलं की त्यावर संशय घ्यायचा का? १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. एका वृद्धाने नातवाला मालमत्ता बक्षीस दिली होती आणि इतर वारसांनी अनुचित प्रभावाचा आरोप केला होता. न्यायालयाने बक्षीस कायम ठेवलं. जवळचं नातं आहे, देणारा वयस्कर आहे, एवढ्यावरून प्रभाव गृहीत धरता येत नाही. हुकमत होती आणि ती वापरली गेली, हे दाखवावंच लागतं.

मात्र कलम १६ ने दुबळ्या बाजूला एक मोठा आधार दिला आहे. एकजण हुकमत गाजवण्याच्या स्थितीत होता आणि व्यवहार उघडउघड अन्यायकारक आहे, इतकं दिसलं की पुरावा देण्याची जबाबदारी उलटते. मग प्रभाव टाकला नव्हता, हे त्या बलवान बाजूने सिद्ध करायचं असतं.

पैशाची अडचण हीसुद्धा सक्तीच ना?

करार कायद्याचं उत्तर कोरडं आहे. बाजारात पैशाची चणचण असताना बँकेने चढ्या दराशिवाय कर्ज द्यायला नकार दिला आणि माणसाने ते घेतलं, तर तो नेहमीचा व्यवहार आहे, अनुचित प्रभाव नाही. हे उदाहरण कलम १६ मध्येच आहे. फरक पडतो तो गरजेचा गैरफायदा घेतला तेव्हा. सावकाराने १०० रुपये दिले आणि दडपण आणून २०० रुपयांचा, दरमहा सहा टक्के व्याजाचा रोखा लिहून घेतला, तर न्यायालय तो रोखा रद्द करून १०० रुपये आणि रास्त व्याज तेवढं परत करायला सांगू शकतं. हे उदाहरण कलम १९-अ मधलं आहे.

करारातून बाहेर पडून संविधानाकडे आलं की चित्र पालटतं. अनुच्छेद २३ ने वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी मना केली आहे. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांसाठी राबणाऱ्या बांधकाम मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. मजूर स्वतःच्या पायांनी कामावर आले होते, कोणी बांधून आणलं नव्हतं, मग सक्ती कुठे आहे, असा प्रश्न होता. न्यायालयाने त्याच वर्षी निकाल दिला की सक्ती शरीराची असते, कायद्याची असते आणि परिस्थितीचीही असते. ज्याच्यापुढे उपासमारीशिवाय दुसरा पर्याय नाही, त्याला किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं ही सक्तीचीच मजुरी. आपल्या न्यायव्यवस्थेने सक्तीचा अर्थ इतका खोल जाऊन क्वचितच लावला असेल.

बातम्यांमधली 'सक्तीची कारवाई' कोणती?

'पुढील सुनावणीपर्यंत सक्तीची कारवाई करू नये' हे वाक्य रोज छापून येतं. त्याचा आतापर्यंतच्या चर्चेशी संबंध नाही. तिथे सक्ती करणारं शासन असतं, आणि अर्थ सहसा अटकेसारखं पाऊल उचलू नये असा असतो. पण तपास चालू ठेवायचा का, चौकशीला बोलवायचं का, जप्ती करायची का, हे त्या चार शब्दांतून कळत नाही. निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र शासन या एप्रिल २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच हे शब्द मोघम असल्याचं म्हटलं, आणि नेमकं काय करायचं नाही ते उच्च न्यायालयांनी स्पष्ट लिहावं, असं बजावलं.

नोंदणी झाली, आता उपयोग काय?

जबरदस्तीने किंवा अनुचित प्रभावाने झालेला करार आपोआप रद्द होत नाही, तो रद्द करण्याजोगा असतो. दिलेल्या पण अजून वटायच्या असलेल्या चेकसारखं समजा. ज्याने दिला त्याने 'पेमेंट थांबवा' असं कळवलं तर तो थांबतो, गप्प बसला तर वटतो. थांबवायचा हक्क दडपण सोसलेल्याचाच असतो, दडपण आणणाऱ्याचा नाही.

नोंदणी झालेल्या दस्ताला न्यायालयात वजन असतं, हे खरं. पण दुय्यम निबंधकापुढे तुम्ही कबूल करता ते इतकंच की हा दस्त मीच करून दिला. तो का करून दिला, याची चौकशी तिथे होत नाही. लेखी कागदापुढे तोंडी बोलणं चालत नाही, हा समजही इथे अडवत नाही. फसवणूक किंवा धाक दाखवणं यांसारखी, दस्तच रद्द ठरवणारी गोष्ट तोंडी पुराव्यानेही सिद्ध करता येते.

वेळ मात्र मोजका असतो. दस्त रद्द करून मागण्यासाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ नुसार तीन वर्षं मिळतात, आणि ती दस्त रद्द करून मागण्याचा हक्क देणारी वस्तुस्थिती प्रथम कळल्यापासून मोजली जातात. दाव्यात 'माझ्यावर दबाव टाकला' एवढं मोघम लिहून भागत नाही. कोणी, केव्हा, कुठे, काय म्हणून दबाव टाकला, याचा तपशील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे द्यावा लागतो. म्हणून तेव्हाचे व्हॉट्सॲप मेसेज, सहीच्या दिवशी सोबत असलेल्या माणसांची नावं, लगेच कोणाला काही सांगितलं असेल तर तो निरोप, हे सगळं जपून ठेवावं. दडपण दूर झाल्यावरही त्या व्यवहाराचा लाभ घेत राहिलात, तर तुम्हाला तो मान्यच होता असं धरलं जाऊ शकतं. करार मोडला की त्यातून मिळालेलं परतही करावं लागतं.

आईवडिलांसाठी जवळची वाट

वृद्ध पालकांना दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता झेपत नाही, हे ओळखून २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आलं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणूक, जबरदस्ती किंवा अनुचित प्रभावाने झालं असं कायदा स्वतःच मानतो. पालकांना ते वेगळं सिद्ध करावं लागत नाही. अर्ज करायचा तो न्यायाधिकरणाकडे, ज्याचा प्रमुख किमान प्रांत अधिकाऱ्याच्या दर्जाचा असतो.

घासाघीस होते ती अटीवरून. सांभाळाची अट होती हे दिसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं. २ जानेवारी २०२५ च्या निकालात मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द करताना त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू लक्षात घेऊन उदार अर्थ लावला. तिथे मुलाने सांभाळाचं वचनपत्र वेगळं लिहून दिलं होतं, आणि तेच आईच्या कामी आलं. जे पालक आज मुलांच्या नावे घर करून देत आहेत, त्यांनी ही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. मसुदा तयार करणाऱ्या वकिलाला एवढं एक वाक्य घालायला सांगितलं की पुरतं.